नाकापासून पोटापर्यंत एक दोरा

मृत्यूच्या दारातून परत आलेल्या माणसाला जीवनाचा अर्थ उमगतो, असे मी पुष्कळ ठिकाणी वाचले आहे. ते लिहिणारे बहुधा धडधाकट असावेत. मी त्या दारापाशी जाऊन, तिथल्या बाकावर चौदा महिने बसून परत आलो. मला उमगले ते एवढेच, की तांदळाची पेज दोनदा गाळावी लागते आणि दुसऱ्यांदा गाळताना घाई करून चालत नाही.

तरीही लिहायला बसलो, कारण गेल्या महिन्यात आमच्या डॉक्टरांनी एका बाईंना माझ्याकडे पाठवले. त्यांच्या नवऱ्याची अन्ननलिका माझ्यासारखीच आकसली आहे. बाईंनी चहा घेतला नाही, खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि एकच विचारले, "तो दोरा खरंच गिळता येतो का हो?"

येतो. कसा, ते सांगतो. त्याच्या आजूबाजूचेही थोडे सांगतो, कारण ते डॉक्टर सांगत नाहीत. त्यांना वेळ नसतो.

*

मी सोलापुरातल्या विणकरांच्या एका सहकारी संस्थेचा पगारी सेक्रेटरी. संस्था सूत रंगवून हातमागवाल्यांना देते. दुष्काळाच्या पुढच्या वर्षी आमच्या नव्या रंगशाळेचे उद्घाटन निघाले. उपमंत्री येणार होते. आमच्या चेअरमनना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांना समारंभाचे वेड आहे. रंगशाळा ही त्यांच्या दृष्टीने उद्घाटनासाठी लागणारी एक वस्तू होती. पंधरा दिवस कमानीचे माप, हारांचा क्रम आणि कोणी कोणाच्या उजवीकडे बसायचे, यातच गेले.

सूत रंगवायला कॉस्टिक सोडा लागतो. पाण्यात विरघळला की तो पाण्यासारखाच दिसतो. त्याची तीव्रता मोजायला संस्थेने काचेची एक नळी घेतली होती. फुटू नये म्हणून ती कपाटात कुलपात असे. आमचे जुने रंगारी नरसय्या ते पाणी एका पेल्यात काढून घेत, दोन बोटांत चोळून पाहत आणि शंका वाटली तर जिभेच्या टोकाला लावून लगेच थुंकत. त्यांचे वडीलही तसेच करत. सूत कधी बिघडले नाही, त्यामुळे नळी बाहेर काढावी असे कोणाच्या मनात आले नाही. माझ्याही नाही.

अण्णांना वाटले, हे प्रात्यक्षिक उपमंत्र्यांपुढे व्हावे. "आपली परंपरागत विद्या साहेबांना दिसू दे." म्हणून नरसय्यांचा पेला व्यासपीठावरच्या टेबलावर आला. संस्थेचे नाव कोरलेले बारा पेले होते, त्यांतलाच तो एक. अण्णांच्या सुनांनी बाराही पेल्यांसाठी मणी लावलेली जाळीची झाकणे विणली होती. उघडा पेला वाईट दिसेल म्हणून कोणीतरी त्याच्यावरही एक घातले.

कार्यक्रमपत्रिका मीच लिहिली होती. तिसरे स्वागतपर भाषण, चौथे प्रात्यक्षिक. भाषण मलाच वाचायचे होते. अण्णांनी सांगून लिहवलेली अकरा पाने. सहाव्या पानावर घसा कोरडा पडला. उजव्या हाताला पेला होता. झाकण काढले आणि एक मोठा घोट घेतला.

ते पाणी नाही हे कळेपर्यंत निम्मे गिळून झाले होते. आधी साबणासारखे बुळबुळीत लागले, मग आग. त्या आगीचे वर्णन करणार नाही. ज्यांना ती ठाऊक आहे त्यांना गरज नाही आणि बाकीच्यांना उपयोग नाही. मला उचलून खाली नेले. कोणी म्हणाले तूप पाजा, कोणी म्हणाले मिठाचे पाणी देऊन ओकारी काढा. नरसय्या मात्र गर्दीत घुसून ओरडले, "उलटी नको! वर येताना पुन्हा जाळतंय ते! तोंड धुवा, साधं पाणी द्या!" डॉक्टर पुढे म्हणाले की त्या दिवशी शहाणपणाचे तेवढेच एक वाक्य बोलले गेले.

मला टांग्यात घालत होते तेव्हा मागून अण्णांचा आवाज आला. ते भाषण सातव्या पानापासून पुढे वाचत होते.

*

दोन आठवडे दवाखान्यात काढले. तोंडात फोड, बोलणे बंद. जवळ एक पाटी दिली होती, तिच्यावर लिहायचे. अण्णा चार संचालकांसह आले आणि खाटेशी उभे राहून म्हणाले, "सेक्रेटरी, साहेबांच्या वाटचं विष तुम्ही प्यालात. प्रत्यक्ष नीलकंठ आहात तुम्ही!"

मी पाटीवर लिहिले: तहान लागली होती.

अण्णांनी ते मोठ्याने वाचले आणि संचालकांकडे वळून म्हणाले, "बघा. केवढी ही विनम्रता!"

"विनम्रता कसली," माझी बायको इंदू म्हणाली, "तहान लागली म्हणूनच प्यालेत ते. तो पेला तिथं कुणी ठेवायला लावला, ते बघा आधी."

अण्णांना एकाएकी दुसऱ्या सभेची आठवण झाली.

त्या आठवड्यात दोन स्थानिक वर्तमानपत्रांत मी नीलकंठ झालो. देवाने विष कंठात थांबवले होते. माझे खाली उतरले होते. हा फरक कोणी लक्षात घेतला नाही.

*

इथे माझ्यासारख्यांना एक गोष्ट सांगायची आहे, कारण मी तिथे फसलो. दोन आठवड्यांनी मला बरे वाटू लागले. भात, दूध, वरण, सगळे उतरू लागले. घरी आलो. आठवड्याने ज्वारीची मऊ भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि सुटलो म्हणालो. डॉक्टरांनी महिन्याने दाखवायला सांगितले होते, ते टाळले. दुखत नसताना दवाखान्यात जाणे मला अपशकुनी वाटत होते, आणि एरवी मी शकुन मानत नाही.

चौथ्या आठवड्यात भाकरी अडकली. छातीच्या मधोमध, कोणी मूठ आवळावी तशी. मग भात अडकू लागला, मग मऊ भात, मग वरणातली डाळ. दर आठवड्याला एकेक पदार्थ यादीतून जात होता. इंदू दर वेळी पातेल्यात थोडे अधिक पाणी घाली. शेवटी दूधही घोटाघोटाने, मान वर करून उतरवावे लागे. मग गेलो.

पांढरे खडूसारखे औषध पाजून छातीचा फोटो काढला. आमचे डॉक्टर चाळिशीचे, कमी बोलणारे. त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. वर रुंद पांढरा पट्टा, मध्ये एकदम सुतासारखी एक रेघ, खाली पुन्हा रुंद.

"जखम भरतेय," डॉक्टर म्हणाले.

"मग चांगलंच की," इंदू म्हणाली.

"भरताना ती आवळते. अजून आवळेल."

म्हणजे मी बरा होत होतो, आणि तेच माझे दुखणे होते. मी विचारले, पुढे काय. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. एक वाट मुंबईची: आतड्याचा तुकडा काढून छातीत अन्ननलिकेच्या जागी बसवायचा. "तुमचं वजन पाहता मी आज तुम्हाला पाठवणार नाही. टेबलावरून उठाल याची खात्री देता येत नाही." दुसरी वाट इथलीच: त्या रेघेतून एक दोरा खाली उतरवायचा, त्याच्या आधाराने जाडजाड सळ्या ओढून ती जागा हळूहळू रुंद करायची. वेळ लागेल. दोरा उतरला नाही, तर पहिली वाट.

घरी जाताना इंदूने रिक्षात एकच प्रश्न विचारला. "किती जाड दोरा?"

*

आधी पोटाला भोक पाडून रबरी नळी बसवली. नरसाळे लावून तिच्यातून दूध, पेज, वरणाचे पाणी ओतायचे. पोट भरते; जेवल्यासारखे वाटत नाही. थुंकीसुद्धा खाली जात नव्हती, म्हणून उशाशी एक वाटी. दिवसभर तीत थुंकायचे. माणूस दिवसाला किती लाळ तयार करतो हे ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत.

वॉर्डातला दिवस गिरणीच्या भोंग्यावर चाले. पहिल्या भोंग्याला झाडू, मग थर्मामीटर, मग चहा, जो बाकीच्यांना मिळे. दहा वाजता मोठ्या डॉक्टरांची फेरी: पुढे ते, मागे लहान डॉक्टर, त्यांच्या मागे विद्यार्थी, शेवटी सिस्टर. आधी चादरी ताठ केल्या जात. मोठे डॉक्टर माझ्या फोटोशी इंग्रजीत बोलत आणि पुढे जात. पाच महिन्यांत ते माझ्याशी एकदा बोलले. म्हणाले, "पाय आत घ्या."

शेजारच्या खाटेवर केम गावचे धोंडिबा होते. रेल्वे स्टेशनाजवळ शेती. त्यांची लघवीची वाट आकसली होती आणि तिच्यातही सळ्याच घालत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला न्याहाळले.

"काय झालंय पावनं?"

तोंडात सतत लाळ, म्हणून मी पुन्हा पाटीवर लिहिले. त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून इंदूने सांगितले.

"म्हंजे ह्यांचं वरचं दार बंद, माजं खालचं," धोंडिबा म्हणाले. "वैनी, आमा दोगांचा मिळून येक धड मानूस व्हतोय बगा."

इंदू हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. मला हसता आले नाही, कारण हसले की लाळ श्वासनळीत जाई.

*

आता दोरा. बारीक रेशमी दोरा असतो, टोकाला मोहरीएवढा शिशाचा मणी. तो जिभेवर मागे ठेवायचा आणि चमच्याचमच्याने पाणी घेत गिळायचा. ओकारी येते. येऊ द्यावी, पण दोरा सोडू नये. बोटभर गेला की थांबायचे, बसून राहायचे, पुन्हा बोटभर. पडून राहिलात तर मणी अडतो. घाई केली तर दोरा आतच गोळा होतो आणि पुन्हा सगळा बाहेर काढावा लागतो. माझा दोनदा काढावा लागला.

तिसऱ्या खेपेला दोन दिवस लागले. धोंडिबा आपल्या खाटेवरून बाहेर उरलेल्या दोऱ्यावर नजर ठेवून होते.

"जातंय की! सकाळपरीस ईतभर कमी झालंय. नेट लावा."

"नेट नाही लावायचा, डॉक्टर म्हणालेत," इंदू म्हणाली.

"बरं, मग नका लावू. पर जातंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी पोटाच्या भोकातून चिमटा घालून मणी पकडला. वरचे टोक नाकातून बाहेर काढले, खालचे पोटातून, आणि दोन्ही छातीवर एकत्र बांधले. असा मी एका दोऱ्यात ओवला गेलो. दर मंगळवारी त्याला सळई बांधून खालून वर ओढायचे. त्याची भीती सोमवारी सुरू होई आणि बुधवारी उतरे, त्यामुळे आठवड्यात चार दिवस मी बरा माणूस असे.

*

आजारपणाने कुटुंब जवळ येते असेही मी वाचले आहे. दोन मंगळवारांच्या मध्ये कधीकधी मला घरी सोडत, तेव्हाची गोष्ट. आमच्या घरी शेंगांची चटणी कुटायची बंद झाली, फोडणी बंद झाली. इंदू जेवायची कुठे, मला कळत नसे. एकदा परसात गेलो तर ती धुण्याच्या दगडाआड उभी राहून कडक भाकरी खात होती. चघळून, आवाज होऊ नये म्हणून. मला दया यायला हवी होती. मला राग आला. भाकरीचा. मी नरसाळे भिंतीवर फेकले.

तिने तोंडातला घास संपवला आणि म्हणाली, "फेकलंत. आता चेपलेल्या नरसाळ्यातून जेवा." मग तिथेच खाली बसून रडली. नरसाळे मीच ठोकून सरळ केले. त्यानंतर ती माझ्यासमोर जेवू लागली, आणि मी पाहू लागलो. ते सोपे नव्हते, पण परसापेक्षा बरे होते. ज्यांच्या घरी असे दुखणे आहे त्यांना माझे सांगणे: रोग्यासमोर जेवा. त्याला चिडू द्या.

नरसय्यांविषयीही खरे सांगायला हवे. ते रोज दवाखान्यात येत, व्हरांड्यात बसत, आत येत नसत. इंदू त्यांच्याशी बोलत नव्हती. मीही कधी बोलावले नाही. पेला व्यासपीठावर न्यायला अण्णांनी सांगितले होते, झाकण दुसऱ्या कोणी घातले, क्रम मी लावला, पण मनातल्या मनात मी नरसय्यांनाच शिक्षा देत असे. म्हाताऱ्या माणसावर रागावणे सोपे असते, आणि अण्णा संस्थेचे चेअरमन होते.

*

चौथ्या महिन्यात दोरा विरला. नाकापाशी त्याचे तंतू सुटले होते. बदलायची रीत अशी: जुन्याच्या टोकाला नवा बांधायचा आणि खालून जुना ओढून नवा आत घ्यायचा. डॉक्टरांनी गाठ मारली आणि ओढले. गाठ अरुंद जागी येऊन बसली. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. गाठ वर घेतली, सोडली, पुन्हा मारली, पुन्हा तिथेच. आता जुन्या दोऱ्याचा एखादाच पदर शिल्लक होता. डॉक्टरांनी हात थांबवला. त्यांच्या कपाळावरचा घाम मी खालून पाहत होतो.

"तुटला तर?" इंदूने विचारले.

"पुन्हा गिळावा लागेल. आता सूज आहे. जाईल असं वाटत नाही." मुंबईचे नाव त्यांनी घेतले नाही. गरज नव्हती. माझे वजन तोवर आणखी उतरले होते.

इंदू काही वेळ त्या गाठीकडे पाहत राहिली. मग दारापर्यंत गेली आणि व्हरांड्याकडे बघून म्हणाली, "नरसय्या, आत या."

चार महिन्यांत ती त्यांच्याशी बोललेले हे पहिले वाक्य. नरसय्या आले. रंगारी असले तरी जन्म विणकराच्या घरचा. लहानपण मागाखाली गेलेले. ते वाकून दोरा पाहू लागले.

"डॉक्टरसाब, हे गाठ लई मोठं आहे की. फणीतून असलं गाठ जात नाही. मागावर दिवसाला शंभर तार तुटतंय. आमी असं बांधलो तर कापड कसं होणार?"

"मग कशी बांधता?"

"मी बांधू का?"

डॉक्टरांनी त्यांच्या बोटांकडे पाहिले. मग म्हणाले, "हात धुवा."

सिस्टरने स्पिरिटने त्यांची बोटे घासली. नखांतला निळा रंग जाईना. ती आणखी घासू लागली.

"ते निघत नाही अम्मा," नरसय्या म्हणाले. "लग्नाच्या आधीपासून आहे."

त्यांनी दोन्ही टोके डाव्या हाताच्या चिमटीत एकमेकांवर ठेवली, उजव्या हाताने काहीतरी वळवले, आणि झाले. डोळ्यांसमोर घडूनही मला ते दिसले नाही. गाठ जवळपास दिसतच नव्हती. डॉक्टरांनी खालून हलके ओढले. अरुंद जागी ती येऊन टेकल्याचे मला कळले. तिथे ती थोडी थांबली, आणि पलीकडे गेली.

नवा दोरा पोटातून बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "पुन्हा दाखवा." नरसय्यांनी तीनदा दाखवली. चौथ्यांदा डॉक्टरांना जमली. पुढच्या आठवड्यात फेरीच्या वेळी मोठ्या डॉक्टरांनी ती विद्यार्थ्यांना आपल्या विभागाची पद्धत म्हणून समजावली.

नरसय्या त्या दिवसापासून आत येऊन बसू लागले. आम्ही माफीविषयी कधी बोललो नाही. ते येताना माझी वाटी धुऊन आणत.

*

पुढचे सांगण्यासारखे नाही, कारण ते हळू होते. सळ्या जाड होत गेल्या. सातव्या महिन्यात एका सकाळी लक्षात आले, की वाटी कोरडी आहे. माझी थुंकी खाली उतरत होती. इतक्या मोठ्या आनंदाची बातमी मी कोणाला सांगू शकेना, कशी सांगणार? इंदूला सांगितली. तिने वाटी उचलून आत नेऊन ठेवली. मग चहा उतरला. मग पेज, दोनदा गाळलेली, मग एकदा गाळलेली. धोंडिबा तोवर बरे होऊन केमला गेले होते. जाताना म्हणाले, "पावनं, आता पोटभर जेवा, आन् मला पोटभर मुतू द्या." यापेक्षा सुंदर आशीर्वाद मला त्या काळात कोणी दिला नाही.

चौदाव्या महिन्यात डॉक्टरांनी दोरा कापला आणि ओढून काढला. पोटाचे भोक आपोआप बुजले. "आता दर तीन महिन्यांनी वरून एक सळई," ते म्हणाले, "आणि घास लहान. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावा. चिकट काही नको. अडकलं तर घाबरू नका, पाणी पिऊ नका, ताठ बसून राहा."

*

अण्णांनी माझा सत्कार ठरवला. मी नको म्हणालो. ते विनम्रतेत धरले गेले. तेच उपमंत्री, तेच व्यासपीठ. शाल झाली, श्रीफळ झाले. मग अण्णांनी एक तबक पुढे केले, आणि मी काही बोलायच्या आत उपमंत्र्यांनी त्यातला एक पेढा उचलून अख्खा माझ्या तोंडात भरला. फोटोवाला म्हणाला, "साहेब, हात तसाच ठेवा." त्यांनी ठेवला. हात असा समोर असताना तोंडातला पेढा काढता येत नाही, आणि चावताही येत नाही. अर्धा मी चावला. उरलेला घसरला आणि जुन्या जागी जाऊन बसला.

पहिल्या रांगेत इंदू उठून उभी राहिली. तिच्या मागे नरसय्या उभे राहिले. मी हाताने दोघांना खुणावले, बसा. डॉक्टरांनी सांगितले होते तसा ताठ बसलो. पाणी प्यायलो नाही. समोर पेला होता, पण मी तसाही प्यायलो नसतो. उपमंत्री बोलायला उभे राहिले. त्याग, धैर्य आणि सहकार या विषयांवर. माझ्या डोळ्यांत पाणी आलेले पाहून सभेत काही जणांनी रुमाल काढले. भिंतीवर घड्याळ होते. इंदू माझ्याकडे पाहत होती आणि मी घड्याळाकडे.

पेढा बाराव्या मिनिटाला खाली उतरला. भाषण त्यानंतर आणखी अर्धा तास चालले.